बेळगावात एसी दुरुस्तीला साधारण किती खर्च येतो? गॅस दरवर्षी भरावाच लागतो का?

तुम्ही लिहिलंय की टिळकवाडीत घर आहे, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेऊन चार वर्षं झाली, गेल्या उन्हाळ्यात गॅस भरला, यंदा परत गार हवा येईना. मेकॅनिक म्हणतो गॅस संपलाय, साडेतीन हजार द्या.

लीक कुठं आहे ते दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. मी इथंच फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम करतो आणि लोकांचे सगळ्यात जास्त पैसे याच एका वाक्यावर जातात.

एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो, आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो आणि परत येतो. जोडणी नीट असेल तर दहा वर्षांतही तो भरावा लागत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. ती जागा बंद न करता नवीन भरलात, तर तोही त्याच वाटेनं जाणार. तुमच्याकडं एका वर्षात परत तीच तक्रार आली, म्हणजे बहुतेक हेच झालंय.

लीक बहुतेक वेळा ठरलेल्या जागी सापडते. पहिली जागा फ्लेअर नट, म्हणजे आउटडोअर युनिटच्या बाजूला जिथं दोन तांब्याच्या नळ्या पितळी नटानं आवळलेल्या असतात. इन्स्टॉलेशनच्या वेळी नळीचं तोंड नीट फुलवलं नसेल किंवा नट जास्त आवळून चिरला असेल, तर तिथून गॅस हळूहळू झिरपतो. टॉर्च लावून बघा. त्या नटाभोवती तेलकट, काळपट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर तीच जागा समजा, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं) तेलही बाहेर येतं. साबणाचा फेस लावला की तिथं बारीक बुडबुडे फुगत राहतात. हे तुमच्या डोळ्यांदेखत करायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. लीक नटावरच असेल तर तोंड परत फुलवून नट बदलायला फार खर्च नाही. इनडोअर कॉइलला, म्हणजे घरातल्या युनिटमधल्या वळणावळणाच्या नळ्यांना, बारीक भोक पडलं असेल तर मात्र काम मोठं. तांब्याची कॉइल असेल तर वेल्डिंग करून बघता येतं, पण ॲल्युमिनियमच्या कॉइलवर केलेलं वेल्डिंग टिकेल असं मी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही. कॉइल बदलायची तर सहा ते बारा हजार धरा.

लीक बंद केल्यावर नायट्रोजन मारून प्रेशर टिकतं का बघायचं, मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची, आणि मग वजनकाट्यावर सिलेंडर ठेवून गॅस सोडायचा. किती ग्रॅम सोडायचा ते आउटडोअरच्या पट्टीवर छापलेलं असतं. इन्व्हर्टर एसीत नुसत्या गेजवर (प्रेशर दाखवणाऱ्या मीटरवर) भरवसा ठेवून भरलेला गॅस चुकतोच, कारण कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसं प्रेशरही बदलतं. जो माणूस काटा आणि व्हॅक्यूम पंप न आणता नुसतं गेज आणि सिलेंडर घेऊन येतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. हे सगळं व्यवस्थित केलं तर तीन-चार हजार वाजवी आहेत, मी पण तेवढेच घेतो. नुसता गॅस सोडून तेवढे घेणं वाजवी नाही.

गॅसवर येण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. एक, आउटडोअरची जाळी. तिच्यात कचरा भरला की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर तापून बंद पडतो आणि गॅस कमी झाल्यासारखंच वाटतं. चिकोडी, अथणी, रायबाग भागात साखर कारखान्याची काळी राख पडते, निपाणीकडं तंबाखूची धूळ, उद्यमबागच्या आसपास फौंड्रीची. तिथल्या जाळ्या मी गच्च भरलेल्या बघितल्यात. पाण्याच्या पंपानं धुऊन सर्व्हिस केली की पाचशे ते आठशे रुपयांत एसी परत गार होतो. दुसरी गोष्ट कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर चालू व्हायला जोर देणारा छोटा विजेचा भाग, पण तो साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत. आउटडोअरचा पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर नुसता गुणगुणून बंद पडतोय, तर आधी तोच बघायचा. मजुरीसकट सात-आठशेत काम होतं. याच तक्रारीवर ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणून दहा-पंधरा हजारांचा आकडा ऐकलेली माणसं माझ्याकडं येतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. इनडोअरमधून पाणी गळत असेल तर ड्रेनची नळी तुंबलेली असते, त्यावर फार बोलायला नको.

आपल्या गावात एक वेगळी अडचण आहे. बेळगावात एसी लागतो तो मार्च ते मे, फार तर जूनचा पहिला आठवडा. पुढं सगळा पावसाळा आणि थंडी तो बंद. त्या काळात आउटडोअरमध्ये पाली शिरतात, उंदीर वायर कुरतडतात, पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर, ओल बसते. मार्चमध्ये बटण दाबलं की बोर्ड जळतो. इन्व्हर्टरचा बोर्ड नवीन घेतला तर पाच ते बारा हजार, दुरुस्त होत असेल तर दीड ते चार हजार. आधी दुरुस्तीचं विचारा, बेळगाव-कोल्हापुरात बोर्ड दुरुस्त करणारे चांगले कारागीर आहेत. पावसाळ्यात आउटडोअरला प्लास्टिक गुंडाळून ठेवू नका, आत घाम धरतो आणि उंदराला आयतं घर मिळतं. वर एखादा पत्रा आडवा टाकला तरी पुरे. एमसीबी बंद ठेवा आणि सर्व्हिसिंग फेब्रुवारीत उरकून घ्या. होळीनंतर आम्हालाच फोन उचलायला सवड नसते आणि भावही चढतात. खेड्यात व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर घ्याच, एका बोर्डाच्या पैशात तो येतो.

वॉरंटीचं नीट बघा. ‘कॉम्प्रेसरवर दहा वर्षं’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण बऱ्याच वेळा त्यात फक्त कॉम्प्रेसर फुकट मिळतो. गॅस, मजुरी, ने-आण आपल्या खिशातून जाते. आपल्याकडं बरेच जण पाहुण्याच्या दुकानातून कोल्हापूरला एसी घेतात. कंपनीची वॉरंटी इथंही चालते, पण तक्रार नोंदवताना बेळगावचाच पिनकोड द्या, नाहीतर ती कोल्हापूरच्या सेंटरला जाऊन पडून राहते. बिल जपून ठेवा, कारण वॉरंटी बिलावरच्या तारखेपासून मोजतात.

एसी आठ-नऊ वर्षांचा झाला असेल आणि कॉम्प्रेसर किंवा कॉइल गेली असेल, तर मी दुरुस्तीचा सल्ला देत नाही. त्यात आर-२२ गॅसचा जुना एसी असेल तर मुळीच नाही, तो गॅस आता बंद होत चाललाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, हेही हिशेबात धरा.

तुमचा एसी मात्र चारच वर्षांचा आहे, तो टाकायचा विचार करू नका. आधी वॉरंटी कार्ड काढून बघा, काही कंपन्या पाच वर्षं सगळ्या भागांवर वॉरंटी देतात, त्यात कॉइल बसत असेल तर कंपनीकडंच तक्रार नोंदवा. बसत नसेल तर गेल्या वर्षीच्याच मेकॅनिकला बोलवा आणि त्याच्या गॅसचं बिल पुढं ठेवून फेस लावायला सांगा. त्यानं बिल दिलं नसेल, तर यंदा दुसऱ्याकडून काम करून घ्या, आणि किती ग्रॅम गॅस भरला, लीक कुठं होती, हे बिलावर लिहून घ्या. कंपनीनं किंवा सेंटरनं दाद दिली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.