खुराची जखम सुकूनही पुन्हा का उघडते?

प्रश्न : आमच्या गोठ्यात आठ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई असून जमीन सिमेंटची आहे. पावसाळा लागला की दोन-तीन गाई मागच्या पायाने लंगडू लागतात. खुराच्या मागच्या बाजूला, टाचांच्या फटीच्या वर लाल, ओलसर आणि उग्र वासाची जखम दिसते. औषधाच्या फवाऱ्याने ती सुकते, पण काही आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा उघडते. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी योग्य प्रमाणात आढळल्या. मग शरीर या रोगाला आवर का घालत नाही? प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर द्यावी काय?
– एक दूध उत्पादक, सिन्नर

उत्तर : आपण केलेले वर्णन डिजिटल डर्मटायटिस या सांसर्गिक त्वचारोगाशी जुळते, मात्र पाय उचलून, धुऊन पाहिल्याखेरीज पशुवैद्यकाने निदान पक्के करू नये. या रोगाची पहिली नोंद 1974 साली इटलीत झाली. जखमेत अनेक प्रकारचे जंतू एकत्र सापडतात, परंतु खोलवर शिरणारे मुख्य जंतू म्हणजे ट्रेपोनेमा हे मळसूत्री आकाराचे जिवाणू.

शरीर लढत नाही, असे म्हणता येणार नाही. रक्तातील पेशींची संख्या आणि कातडीत पोहोचलेल्या पेशींचे काम या वेगळ्या गोष्टी आहेत. जखमेचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्वचेच्या वरच्या थरात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी आणि खालच्या थरात रक्तवाहिन्यांभोवती लिंफोसाइट, प्लाझ्मा पेशी व मॅक्रोफेज या प्रतिकाराच्या इतर पेशी जमलेल्या दिसतात. त्वचेच्या पेशी स्वतःच इंटरल्यूकिन-8 हे रसायन सोडून न्यूट्रोफिलना बोलावून घेतात. अडचण त्यानंतर सुरू होते. न्यूट्रोफिल येत राहतात, त्यांनी सोडलेल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) भोवतालच्या ऊतीचीही हानी होते आणि दाह धुमसत राहतो, तरी खोलवरचे ट्रेपोनेमा पुरते हटत नाहीत. मॅक्रोफेजचे काम जंतू गिळण्याचे, तसेच जखम भरून आणण्याचे. पण 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, या जंतूंच्या घटकांच्या संपर्कात आलेल्या गाईच्या मॅक्रोफेजमध्ये नेमकी प्रतिकाराची आणि जखम भरण्याची जनुके मंदावलेली आढळली. मला या रोगातील सर्वांत बोलका धागा हाच वाटतो.

प्रतिपिंडांचेही, म्हणजे जंतूंना ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांचेही, तसेच. बाधित गाईच्या रक्तात ट्रेपोनेमाविरोधी प्रतिपिंडे तयार होतात, तरीही तिला पुन्हा रोग होतो. खात्रीशीर लस अद्याप हाती न येण्याचे हेही एक कारण आहे. शिवाय वरून सुकलेल्या, जाड झालेल्या कातडीत जंतू दडून राहतात. म्हणून आपल्याला ‘पुन्हा आलेली’ वाटणारी जखम बहुधा पूर्ण गेलेलीच नसते, आणि तीच गोठ्यातील इतर गाईंना संसर्ग पुरवते.

यावरून पावडरीचे उत्तर मिळते. पेशी कमी पडतात हा इथला मुख्य दोष नाही, त्यामुळे अशा पावडरीवर पैसे घालण्याचा सल्ला मी देणार नाही. अपवाद एवढाच, की विण्याच्या सुमारास न्यूट्रोफिलची क्षमता खरोखर घटते. त्या काळात संतुलित खुराक व खनिज मिश्रण टाळू नये.

प्रयोगात हा रोग मुद्दाम घडवायचा असतो तेव्हा संशोधकांना आधी पाय बराच काळ ओला आणि हवाबंद ठेवावा लागतो. शेण-मूत्राने माखलेले सिमेंट तेच काम फुकट करते. सिन्नरकडे मुक्त संचार गोठ्यासाठी, म्हणजे गाई न बांधता मोकळ्या ठेवण्यासाठी, बहुधा जागा निघते. ती असल्यास गाईंना दिवसाचा काही काळ कोरड्या मातीवर सोडावे. पाय रोज पाण्याने धुऊन पाहावेत आणि जखम दोन सेंटीमीटरपेक्षा लहान असतानाच पशुवैद्यकाकडून स्थानिक उपचार करून घ्यावेत. प्रतिजैविकाचा वापर असल्यास दूध किती दिवस वेगळे ठेवायचे, हे त्यांनाच विचारावे. फूटबाथसाठी, म्हणजे गाईंना ज्यातून चालवायचे त्या औषधी पाण्यासाठी, मोरचुदाचे (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट) पाच टक्के द्रावण, म्हणजे 100 लिटर पाण्यात पाच किलो, वापरतात. पाय आधी धुतलेले हवेत, कारण शेणाने त्याचा जोर जातो. वापरलेले द्रावण शेणखताच्या खड्ड्यात मात्र ओतू नये. आपल्या भागातील द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण या मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकातून तांबे जमिनीत पडतच असते. त्यात आणखी भर नको.

प्रश्न : लाळ्या-खुरकुताची लस दिली तर ही जखम टळेल काय?
– एक वाचक, निफाड

उत्तर : नाही. लाळ्या-खुरकूत हा विषाणूंचा रोग आहे, वरील जखम जिवाणूंची. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याला ओळखत नाहीत. लस तरीही वेळेवर द्यावी. लंगडण्यासोबत ताप, तोंडात फोड आणि लाळ गळणे दिसले, तर ते जनावर वेगळे बांधून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.