डॉक्टर पेपर हे नाव खरंच प्रेमप्रकरणातून आलं का?

मला तरी पटत नाही. या अमेरिकन शीतपेयाचा जन्म बऱ्यापैकी पक्का आहे: १८८५, टेक्सासमधलं वेको, वेड मॉरिसनचं औषधांचं दुकान आणि तिथला फार्मासिस्ट चार्ल्स ऑल्डरटन. कोका-कोलाच्याही वर्षभर आधी! खरा घोळ नावाचा. मॉरिसनचं व्हर्जिनियातल्या रूरल रिट्रीटच्या डॉ. चार्ल्स पेपर यांच्या मुलीवर प्रेम होतं, असं सांगतात. पण जनगणनेच्या नोंदींत तरुण मॉरिसन सापडतो तो दुसऱ्याच गावात, क्रिश्चन्सबर्गला. शोध घ्यायचा तर अशाच नोंदींपासून सुरुवात करा. जाहिराती आणि आठवणी नंतर. २००९ मध्ये त्या दुकानाची जुनी वही उजेडात आली, तिच्यात ‘डी पेपर्स पेप्सिन बिटर्स’ची कृती होती. लोकांनी लगेच तिला मूळ फॉर्म्युला ठरवलं. कंपनीच्या मते मात्र ते पचनाचं औषध होतं.