टर्बो गाडीला स्टेज २ केल्यापासून इंजिन तापतंय. थर्मोस्टॅट काढू की मोठा रेडिएटर टाकू?

दोन्ही नको, निदान आत्ता तरी नको.

तुम्ही लिहिलंय की १.२ लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, स्टेज २ रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकाची बदललेली सेटिंग), डाउनपाइप (टर्बोनंतरचा मोकळा एक्झॉस्ट पाइप) आणि पुढे मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) बसवलाय. पवईच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो, मग एसी गार हवा देणं बंद करतो. लोणावळ्याला जाताना घाटातही एकदा तसंच झालं. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट तापमानानुसार उघडणारी झडप) काढून टाका, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा मोठा रेडिएटर घ्या. मी मुलुंडहून अंधेरीला रोज जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने) जातो आणि माझी गाडीही जवळपास याच सामानाची आहे. मी आधी रेडिएटर बदलला होता. वीस हजारांच्या वर गेले आणि गाडी तेवढीच तापत राहिली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट वेगळी काढा: गाडी उभी असताना तापते की जोर लावताना? या दोन तक्रारींची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायला लागतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेला उष्णता होऊन कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, उतरतो. म्हणजे जितकं पेट्रोल जळेल तितकी उष्णता. आता सिग्नलला उभी असलेली तुमची गाडी किती पेट्रोल जाळते? कंपनीतून आली तेव्हा जाळायची जवळजवळ तेवढंच. बूस्ट (टर्बोचा दाब) नाही, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, त्यामुळे रिमॅपने वाढलेली ताकद त्या क्षणी वापरातच नाही. तरीही गाडी तापत असेल तर इंजिन जास्त उष्णता तयार करत नाहीये, तयार झालेली उष्णता बाहेर जात नाहीये. आणि उभ्या गाडीत ती बाहेर काढणारं मुख्य साधन एकच, फॅनने ओढलेली हवा.

काट्यावर विसंबू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. खरं तापमान ८० असो वा १०३, काटा ९० वरच. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. एक साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा) घ्या आणि मोबाइलवर कूलंटचा खरा आकडा बघा. माझे आकडे असे होते: गांधीनगर जंक्शनला ९२, आयआयटीच्या गेटपर्यंत रांगत पोचेस्तोवर ९९, साकीविहारच्या फाट्याला १०६. पुढे रस्ता मोकळा मिळून गाडी चाळीसच्या वेगाला लागली की दोन-तीन मिनिटांत परत ९४. वारा लागला की उतरतं, याचा अर्थ रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आपापलं काम करताहेत.

मग मी कागदाची चाचणी केली. तुम्हीही करा, फुकट आहे. गाडी पूर्ण गरम होऊ द्या, एसी चालू ठेवा, फॅन मोठ्या स्पीडला लागू द्या. वर्तमानपत्राचं एक पान ग्रिलसमोर धरा आणि हात सोडा. पान ओढलं जाऊन ग्रिलला चिकटलं पाहिजे. माझ्या गाडीत मधोमध चिकटलं, पण डाव्या-उजव्या कडांना पानाची टोकं उलटी, माझ्याकडे फडफडत होती. तिथे हात धरला तर गरम वाफारा. इंजिनच्या बाजूची तापलेली हवा रेडिएटरच्या कडेने पुढे येत होती आणि फॅन तीच परत आत ओढत होता.

बंपर उतरवल्यावर कारण दिसलं. इंटरकूलरला जागा करताना रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिकचे एअर गाइड कापले होते आणि त्यामागच्या फोमच्या पट्ट्या काढून टाकल्या होत्या. बोट सहज जाईल एवढी फट, वरपासून खालपर्यंत. उभ्या गाडीत त्या फटीतून गरम हवा पुढे यायची आणि धावत्या गाडीत समोरची थंड हवा रेडिएटरच्या पात्यांमधून जाण्याऐवजी त्याच फटीतून निसटायची. हवा नेहमी सोपी वाट धरते. इंटरकूलर, त्यामागे एसीचा कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर एवढा थर समोर असताना बाजूला मोकळी फट दिली तर ती आतून कशाला जाईल? मोठा रेडिएटर टाकला तर तो थर आणखी जाड होतो. माझे पैसे तिथेच वाया गेले.

इलाज एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्येच केला. एसीच्या पाइपांवर गुंडाळतात तो काळा नायट्राइल फोम, एक मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, रिव्हेट आणि केबल टाय. खर्च हजाराच्या आत. इंटरकूलर ते रेडिएटर सगळ्या बाजूंनी बंद बोगदा व्हायला हवा, कुठेही बोट जाता कामा नये. बंपर उतरलेला असतानाच कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली जागा टॉर्च मारून बघा. माझ्याकडे तिथे मेट्रोच्या कामाच्या धुळीची गादीच बसली होती. साध्या पाइपने, शक्यतो आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशर जवळ नेऊ नका, पाती वाकतात.

इंजिनखालचा प्लॅस्टिकचा ट्रे जागेवर आहे ना, तेही वाकून बघा. ऑइल बदलताना काढतात आणि क्लिप तुटली म्हणून परत लावतच नाहीत. हायवेवर तो नसेल तर रेडिएटरमागे हवा तुंबते आणि समोरून येणाऱ्या हवेचा ओढा कमी होतो. हे सगळं झाल्यावर त्याच रस्त्यावर, शुक्रवारच्या संध्याकाळी आकडा ९८ च्या वर गेला नाही.

पान कुठेच चिकटलं नाही तर फॅनकडे बघा. रिले, फ्यूज, आणि पुढून फॅन लावला असेल तर वायरी उलट जोडून तो उलटा तर फिरत नाही ना.

आता घाट. खोपोली सोडून आडोशी बोगद्याकडे चढताना इंजिन सतत बूस्टवर असतं, तेव्हा वाढलेली ताकद खरोखर वापरात येते आणि उष्णताही. फटी बंद केल्यावरही घाटात १०५ च्या पुढे जात असेल तर आधी पेट्रोल विचारात घ्या. रिमॅप ९७ किंवा त्यावरच्या ऑक्टेनसाठी बनवलेला असेल आणि तुम्ही साधं पेट्रोल भरत असाल, तर इंजिन नॉक करतं (पेट्रोल आपोआप भडकून ठकठक होते). ईसीयू (इंजिनचा संगणक) ते वाचवायला स्पार्क उशिरा देतो. उशिरा जळलेला गॅस जास्त गरम असतानाच बाहेर पडतो, एक्झॉस्ट, टर्बो आणि हेड (इंजिनचा वरचा भाग) तापतात, ताकद मात्र कमी मिळते. रिमॅप करणाऱ्या ट्यूनरला घाटातला डेटा लॉग दाखवा. मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) असेल तर तेही त्यातच दिसेल.

दुसरी शंका हेड गॅस्केटची (हेड आणि खालच्या ब्लॉकमधल्या सीलची), आणि वाढवलेल्या बूस्टच्या गाडीत ती गंभीरपणे घ्या. जास्त दाबाने हेड किंचित उचललं जातं आणि जळता गॅस कूलंटमध्ये शिरतो. हे ट्रॅफिकमध्ये कळत नाही, पूर्ण जोर लावल्यावरच कळतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या रेडिएटरचा वरचा होज पाइप सकाळी, चावी न लावता, हाताने दाबून बघा. मऊ असला पाहिजे. दगडासारखा कडक लागला तर आत गॅसचा दाब आहे. मग गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची लीक टेस्ट करून घ्या. कूलंटच्या टाकीतली हवा त्या द्रवातून ओढतात आणि तो पिवळा पडला की गॅस्केट गेलंच समजा. कूलंट थेंबभरही बाहेर न गळता कमी होत असेल तर ही टेस्ट पुढे ढकलू नका.

थर्मोस्टॅट काढायचा सल्ला मुंबईत सर्रास देतात, आणि मला तो मनापासून चुकीचा वाटतो. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचा खालचा भाग बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो, म्हणजे नेमक्या जोराच्या वेळी गाडी जास्त तापू शकते. आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन थंडच राहतं, ईसीयू पेट्रोल वाढवतो, झीज होते. शंका असेल तर नवा टाका. जुना भांड्यात पाणी उकळून उघडतो का ते बघता येतं.

कूलंटबद्दल थोडक्यात. मुंबईत गोठण्याचा प्रश्न नाही, तरी नुसतं पाणी चालत नाही, कारण गंज रोखणारी रसायनं कूलंटमध्ये असतात. त्यात डिस्टिल्ड वॉटरच मिसळा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी आत क्षार धरतं. वेगवेगळ्या प्रकारची कूलंटं एकत्र करू नका. टाकीचं झाकण जुनं असेल तर बदला. त्याच्या दाबामुळेच कूलंट १२० च्या पुढेही उकळत नाही, आणि रबर गेलं की १०८-११० लाच बुडबुडे सुरू होतात. इंटरकूलर बसवताना पाइप सोडले होते का तेही विचारा. सोडले असतील तर आत हवा अडकलेली असू शकते, पद्धतशीर ब्लीड करून (ती हवा काढून) घ्या.

तोवर रस्त्यात आकडा ११० ला गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर फुल, आणि डावीकडे घेऊन थांबा. फॅन चालू असेल आणि आकडा उतरत असेल तर इंजिन दोन मिनिटं आयडलवर राहू द्या, टर्बोमधलं ऑइलही त्यामुळे जळत नाही. आकडा चढतच राहिला किंवा वाफ दिसली तर लगेच बंद करा. कूलंटचं झाकण अर्ध्या-पाऊण तासाच्या आत अजिबात उघडू नका, माझ्या ओळखीच्या एकाच्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत.

या रविवारी कागदाची चाचणी करा आणि पान कुठे चिकटलं, कुठे उलटं आलं ते इथे लिहा. सोबत बंपर उतरवलेला एक फोटो टाका, फट कुठे भरायची ते मी खुणा करून सांगतो.