जळगावला आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये कुणी फिरकतच नाही, काय बदल करता येतील?

भो, आधी मे महिन्यात दुपारी चारला तिथं जाऊन उभे राहा, निम्मं उत्तर तिथंच मिळेल. ४५ डिग्रीत पेव्हर ब्लॉकवर आणि लोखंडी बाकावर कोण बसणार? लॉनचं तर नावच काढू नका, पाणी कुठून आणणार. निंब, करंज लावा, खाली ओटे बांधा आणि लाईट रात्री उशिरापर्यंत चालू ठेवा, उन्हाळ्यात आपल्याकडे लोकं बाहेर पडतातच जेवणं झाल्यावर.

दुसरं म्हणजे कंपाउंडची उंच भिंत असेल तर ती. न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क १९७० च्या दशकात ड्रग विकणाऱ्यांचा अड्डा झालेलं, शहरातल्या मोकळ्या जागा लोकं कशा वापरतात याचा अभ्यास करणारे विल्यम व्हाइट यांनी पाहणी करून सांगितलं की रस्त्यावरून आतलं काही दिसतच नाही, मग उंच झुडपं काढली, आत यायच्या वाटा वाढवल्या, सुट्या खुर्च्या ठेवल्या आणि १९९२ ला परत उघडल्यावर तिथं गर्दी व्हायला लागली. आपल्याकडे सुट्या खुर्च्या सकाळपर्यंत टिकतील का ते सोडा, पण भिंतीच्या जागी जाळी तर बसवता येते ना. ओपन जिमची मशीनं एकदम शेवटी घ्या, उन्हात तापली की कुणी हात पण लावत नाही.