सहा सिलिंडरची गाडी ठरली, घरी चारची आली

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. फेब्रुवारी 2024 मध्ये एका डीलरकडे टोयोटा कॅमरी, 2024 चं मॉडेल, एक्सएसई व्ही-सिक्स (म्हणजे एक्सएसई प्रकारची, सहा सिलिंडरच्या इंजिनाची) बुक केली. करारावर अगदी असंच लिहिलं आहे. दीड हजार डॉलर डिपॉझिट भरलं. जूनमध्ये गाडी आणायला गेलो, तेव्हा बदल्यात द्यायच्या आमच्या जुन्या गाडीची किल्ली आणि टायटल, म्हणजे मालकीचा कागद, त्यांनी आधी आत नेलं आणि मग नवी गाडी दाखवली. ती 2025 ची निघाली, चार सिलिंडरची हायब्रिड. सेल्समन म्हणाला, "कंपनीने व्ही-सिक्स बंदच केलंय. किंमत तीच, मायलेज दुप्पट." चार सिलिंडर नको म्हणूनच आम्ही चार महिने थांबलो होतो. मी नको म्हणालो. त्यावर त्याने तिथूनच टेक्स्ट पाठवला : एक-दोन आठवडे चालवून बघा, पटली नाही तर आपण मार्ग काढू. आई-बाबा भारतातून आलेले, मुलं कंटाळलेली. सही केली आणि गाडी घरी आणली. आज 36 दिवस झाले, 740 मैल झाले. आता डीलर कराराच्या मागचं कलम दाखवतो : "उत्पादकाने रचनेत बदल केल्यास डीलर जबाबदार राहणार नाही." गाडी परत करता येईल का? लेमन लॉ लागू होतो का? आम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, खटला केला तर ग्रीन कार्डला अडचण येईल का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पत्रभर तीच धास्ती जाणवते. ग्राहक म्हणून डीलरवर दिवाणी दावा केला म्हणून तुमच्या व्हिसाला किंवा ग्रीन कार्डच्या अर्जाला धक्का लागत नाही. हा गुन्हा नाही, सरकारशी भांडणही नाही. पैसे देऊन वस्तू घेणाऱ्या कुणालाही हा हक्क आहे, मग त्याच्या पासपोर्टचा रंग कोणताही असो. आपली कितीतरी माणसं या एका भीतीपोटी हजारो डॉलरवर पाणी सोडतात. कृपा करून तुम्ही तसं करू नका.

आता लेमन लॉ. न्यू जर्सीत तो नव्या गाडीच्या पहिल्या 24 महिन्यांत किंवा पहिल्या 24,000 मैलांत, यांतलं जे आधी संपेल तोवर, उद्भवलेल्या बिघाडासाठी आहे. एकच बिघाड तीन प्रयत्नांत दुरुस्त झाला नाही, किंवा गाडी एकूण वीस दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली, की तो मदतीला येतो. तुमची गाडी बिघडलेली नाही, ठणठणीत आहे. फक्त ती तुम्ही मागितलेली गाडी नाही. त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका. "तीन दिवसांत कोणतीही गाडी परत करता येते" ही समजूतही मनातून काढा. तो केंद्रीय नियम घरी येऊन विक्री करणाऱ्यांसाठी आहे. डीलरच्या दुकानात सही केलेल्या गाडीला तो लागू नाही.

तुमचं प्रकरण उभं राहतं ते विक्री कायद्यावर आणि न्यू जर्सीच्या ग्राहक फसवणूक कायद्यावर. दोन्हींच्या आड डीलर ते मागच्या पानावरचं कलम उभं करतो आहे, म्हणून आधी त्याच्याकडे बघू.

हे कलम जवळजवळ प्रत्येक डीलरच्या ऑर्डर फॉर्मवर असतं आणि त्याला एक रास्त कारणही आहे. गाडी बनवतो कारखाना, विकतो डीलर. मधल्या काळात कारखान्याने दिव्याचा आकार बदलला, एखादा रंग बंद केला, सीटचं कापड बदललं, तर त्याचं खापर डीलरवर फुटू नये एवढाच त्याचा हेतू. म्हणजे तुम्ही ठरवलेल्या गाडीत झालेल्या बदलांसाठी ते आहे. ठरलेली गाडी काढून तिच्या जागी दुसरीच द्यायची मुभा त्यातून मिळत नाही. आणि या दोन गाड्या किती वेगळ्या आहेत ते बघा. 2024 च्या व्ही-सिक्समध्ये साडेतीन लिटरचं, 301 अश्वशक्तीचं इंजिन. 2025 मध्ये अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, जोडीला विजेच्या मोटरी, आणि सगळं मिळून 225 अश्वशक्ती. चारही चाकांना ताकद देणारी घेतली तर 232. गाडीचं वर्ष वेगळं, इंजिन वेगळं, इंधनाची पद्धत वेगळी. याला "रचनेतला बदल" म्हणायचं, तर मग घराचा करार करून फ्लॅटची किल्ली हातात देणाऱ्यालाही रचनेतला बदलच म्हणावा लागेल.

विक्री कायद्याचं कलम 2-313 सांगतं की वस्तूचं वर्णन सौद्याच्या पायाशी असेल, तर वस्तू त्या वर्णनाबरहुकूम असण्याची ती स्पष्ट हमीच असते. तुमच्या कराराच्या दर्शनी पानावर "2024, एक्सएसई, व्ही-सिक्स" असं लिहिलं आहे. ही हमी झाली. आणि समोर दिलेली हमी मागच्या बारीक अक्षरांनी पुसता येत नाही, असं कलम 2-316 म्हणतं.

कंपनीने व्ही-सिक्स बंद करण्यात काही गैर नाही. होंडाने 2018 च्या अ‍ॅकॉर्डमध्ये सहा सिलिंडर सोडले, ह्युंदाईने सोनाटामध्ये 2011 च्या मॉडेललाच सोडले, शेव्हरलेने मालिबूमध्ये 2013 ला. इंधनाचे नियम कडक होत गेले आणि टर्बो किंवा मोटर जोडून चार सिलिंडरांतूनच काम भागू लागलं. पण तुमच्यासाठी महत्त्वाची आहे ती एक तारीख. नवी कॅमरी फक्त हायब्रिड येणार, हे टोयोटाने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केलं होतं. तुमचा करार फेब्रुवारी 2024 चा. म्हणजे त्या टेबलावर तुमच्याकडून दीड हजार डॉलर घेताना डीलरला ठाऊक होतं की 2024 च्या व्ही-सिक्स मोजक्याच येणार आणि त्यानंतर एकही येणार नाही. हे त्याने तुम्हाला सांगितलं का? पत्रावरून तरी नाही असं दिसतं. माझ्या मते तुमच्या प्रकरणातली सर्वांत जड बाब हीच आहे. न्यू जर्सीच्या ग्राहक फसवणूक कायद्यात महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून दडवणं हीदेखील फसवणूक आहे. उघड खोटं सांगितलं असेल, तर विक्रेत्याचा हेतू सिद्ध करण्याचीही गरज नसते.

आता कच्चा दुवा, तोही स्पष्टच सांगतो. तुम्ही गाडी ताब्यात घेतलीत, तेही ती चार सिलिंडरची आहे हे माहीत असताना. ताबा घेण्याआधी नकार दिला असता तर तुमची बाजू फारच भक्कम असती. 1982 च्या ऑटोस्पोर्ट खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वस्तू करारात बसत नसेल तर दोष लहान असला तरी ग्राहक ती नाकारू शकतो. तिथे कॅम्पर व्हॅनच्या रंगावर ओरखडे होते, काही जोडण्या राहिल्या होत्या. डीलरने ग्राहकाची ट्रेड-इनमध्ये, म्हणजे नवीच्या बदल्यात, आलेली जुनी व्हॅन तोवर विकूनही टाकली होती. न्यायालयाने तिची बाजारभावाची किंमत, 4,700 डॉलर, परत द्यायला लावली. तुमच्या जुन्या गाडीसाठी हा निकाल जपून ठेवा.

ताबा घेतल्यावर मात्र कसोटी बदलते. कलम 2-608 नुसार स्वीकृती मागे घेता येते, पण फरकामुळे गाडीची किंमत तुमच्या दृष्टीने बरीच घटलेली असावी लागते. फरक आधीच माहीत असेल, तर तो दूर केला जाईल या वाजवी भरवशावर तुम्ही गाडी घेतली हेही दाखवावं लागतं. आणि इथे तो टेक्स्ट तुमच्या कामी येतो. "पटली नाही तर मार्ग काढू" हा भरवसा दुकानाच्या माणसाने लेखी दिला आहे. आधी तुम्ही नको म्हणालात, मग हा टेक्स्ट आला, त्यानंतर तुम्ही सही केलीत. हा क्रम सोन्यासारखा आहे. फोनवर त्याची तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आजच काढा, आणि फोन बदलायचा विचार असेल तर लांबणीवर टाका.

डीलरचा वकील जूनमधला कर्जाचा कागद पुढे करेल. त्यावर 2025 ची गाडी आणि तिचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, असणारच, आणि खाली तुमची सही. तो म्हणेल, जुना करार बदलून तुम्ही नवा केलात. आपलं उत्तर असं की ती सही त्या भरवशामुळे आणि जुन्या गाडीची किल्ली आधीच त्यांच्या हातात असल्यामुळे झाली. न्यायाधीश कुणाचं ऐकेल याची खात्री कुणीही प्रामाणिक वकील देणार नाही. पण जूनमध्ये "मी जुना करार रद्द करतो" अशा अर्थाच्या कागदावर तुमची सही आहे का, हे मला पाहायलाच हवं. त्या दिवशीचा एक-एक कागद शोधून काढा.

दिवसांचा हिशेब इथेच येतो. स्वीकृती वाजवी वेळेत मागे घ्यावी लागते आणि कराराचा भंग झाल्याचंही वाजवी वेळेत कळवावं लागतं. नाही कळवलं तर सगळाच दावा बुडतो. 36 दिवस आणि 740 मैल अजून चालून जातील. सहा महिने आणि सहा हजार मैल झाल्यावर माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण मला अजून डाचतं. त्यांची बाजू तुमच्यापेक्षा खरी होती, पण तोवर त्यांनी एक ओळसुद्धा लिहून कळवलं नव्हतं.

म्हणून याच आठवड्यात पत्र पाठवा, पोचपावतीच्या सर्टिफाइड मेलने आणि ईमेलनेही. त्यात राग नको. फेब्रुवारीत काय ठरलं, जूनमध्ये काय दिलं, तुम्ही नको म्हणालात, मग टेक्स्ट आला, हे तारखेनिशी लिहा. आणि मग एक वाक्य स्वच्छ लिहा : मी या गाडीची स्वीकृती मागे घेत आहे, गाडी परत द्यायला तयार आहे, माझे पैसे आणि जुन्या गाडीची किंमत परत करा. सहा सिलिंडर तुम्हाला का हवे होते तेही दोन ओळींत येऊ द्या. चार सिलिंडर नको म्हणूनच चार महिने थांबलो, असं तुम्ही पत्रात मला लिहिलं आहे. कायदा "तुमच्या दृष्टीने" काय घटलं ते विचारतो, त्याचं उत्तर हेच.

पत्र गेल्यावर गाडी चालवणं थांबवा. परत करतो म्हणायचं आणि रोज तीच घेऊन ऑफिसला जायचं, हे न्यायालयाला पटत नाही. विमा चालू ठेवा, गाडी झाकून ठेवा. पैसे मिळेपर्यंत ती राखून ठेवण्याचा हक्क कायदा तुम्हाला देतो, त्यामुळे नुसत्या तोंडी आश्वासनावर किल्ली देऊन येऊ नका. आणि कर्जाचे हप्ते काहीही झालं तरी थांबवू नका. क्रेडिट बिघडलं तर तो घाव डीलरला नाही, तुम्हाला बसेल. कर्ज डीलरमार्फत घेतलं असेल तर करारात मोठ्या अक्षरांत एक सूचना असते. केंद्रीय होल्डर नियमानुसार डीलरविरुद्धची तुमची तक्रार कर्ज देणाऱ्या कंपनीपुढेही मांडता येते. पत्राची एक प्रत त्या कंपनीला धाडा.

पुरावा म्हणून काचेवरचा किमतीचा मोठा स्टिकर शोधा. 1958 च्या केंद्रीय कायद्याने तो प्रत्येक नव्या गाडीवर सक्तीचा आहे आणि ग्राहकाच्या हाती गाडी जाईपर्यंत काढता येत नाही. लोक तो पहिल्याच दिवशी सोलून फेकतात. तुमच्याकडे असेल तर जपा. आणि डॅशबोर्डजवळ काचेतून दिसणाऱ्या सतरा अक्षरांच्या व्हीआयएनचा फोटो काढा. त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं : 2024 साठी आर, 2025 साठी एस. फेब्रुवारीत डीलरने एखादा व्हीआयएन लिहून दिला होता का, तेही बघा.

डीलर "मायलेज दुप्पट, मग नुकसान कुठे?" असं म्हणेलच. हा मुद्दा हलक्यात घेऊ नका, कारण ग्राहक फसवणूक कायद्यात मोजता येईल असं नुकसान दाखवावंच लागतं. ते दाखवलं तर तिप्पट भरपाई आणि वकिलाचा खर्चही मिळतो. नाही दाखवलं तर नुसती नाराजी उरते. म्हणून दोन्ही गाड्यांची त्या वेळची छापील किंमत समोरासमोर ठेवा. दुसऱ्या कुणा डीलरकडे 2024 ची न वापरलेली व्ही-सिक्स अजून शिल्लक आहे का, ते याच आठवड्यात फोन करून विचारा आणि मिळालेला भाव लिहून घ्या. ती तुम्हाला जास्त किमतीत घ्यावी लागली, तर तो फरक डीलरकडून मागता येतो. आता अशा गाड्या रोज कमी होताहेत, तेव्हा हा शोध पुढच्या महिन्यावर टाकू नका.

डीलर बहुधा मोफत सर्व्हिस किंवा हजारेक डॉलरचा चेक पुढे करेल आणि सोबत एक पानभर मजकूर सहीला देईल. त्यात सगळे हक्क सोडल्याचं कलम असतं. मला किंवा दुसऱ्या कुणा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. करारात लवादाचं कलम असेल तर तेही वाचून घेऊ. न्यायालयात जाण्याचा हक्क आपण सोडतो आहोत हे साध्या शब्दांत सांगितलेलं नसेल, तर न्यू जर्सीत असं कलम टिकत नाही, असा 2014 चा निकाल आहे.

दावा वीस हजार डॉलरपर्यंतचा असेल तर तो न्यायालयाच्या लहान रकमांच्या विभागात, स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये, चालतो. गाडीची पूर्ण किंमत मागायची असेल तर वरच्या विभागात जावं लागेल. तो निर्णय कागद पाहून घेऊ. पत्राला दहा दिवसांत उत्तर आलं नाही, तर फेब्रुवारीचा करार, जूनचे कागद आणि तो फोन घेऊन या. करारावर पत्नीचंही नाव असेल तर दोघं या, कारण मग पत्रावर आणि दाव्यावर दोघांच्या सह्या लागतील.