व्हेरिकोसेलच्या ऑपरेशननंतर टेस्टोस्टेरॉन कधी आणि किती वाढतं?

तुम्ही विचारलंय की व्हेरिकोसेलचं, म्हणजे अंडकोषातल्या फुगलेल्या नसांचं, ऑपरेशन होऊन दीड महिना झाला, थकवा जात नाही, कामेच्छाही कमीच आहे, तर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, आताच तपासून बघावं का आणि ते वाढणार कधी. माझंही हेच ऑपरेशन झालंय, डाव्या बाजूचं, मायक्रोस्कोपखाली. मी डॉक्टर नाही, पण या काळात जे वाचलं, डॉक्टरांना विचारून घेतलं आणि स्वतः अनुभवलं ते सांगतो.

आत्ता तपासू नका. तीन महिने होऊ द्या. तोवर एक काम करा, ऑपरेशनआधीचा रिपोर्ट शोधून ठेवा. तुमचा आकडा वाढणार की नाही, हे बरंचसं आधी तो किती होता यावर अवलंबून असतं. ज्यांचं टेस्टोस्टेरॉन आधी ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली होतं, त्यांच्यात वाढ जास्त दिसते. वेगवेगळे अभ्यास एकत्र केले तर ती सरासरी १०० च्या आसपास भरते. ज्यांचं आधीच ५००-६०० होतं, त्यांना फारसा फरक पडत नाही. आणि सरासरी म्हणजे काहींचं भरपूर वाढतं, काहींचं जागचं हलत नाही. मुळात हे ऑपरेशन करतात ते मूल होत नाही आणि वीर्याचा रिपोर्ट बिघडलेला आहे म्हणून, किंवा दुखतं म्हणून. टेस्टोस्टेरॉन वाढलं तर तो वरचा फायदा.

असं का, ते थोडक्यात. डाव्या वृषणाकडून येणारी शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते. तिच्या झडपा नीट बंद होईनाशा झाल्या की रक्त खाली उतरून साचतं, नसा फुगतात. वृषणाला शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं, तिथे हे गरम रक्त तुंबून राहतं. शुक्राणूंना त्याचा त्रास होतोच, शिवाय टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींनाही होतो. नसा बांधल्या की हा त्रास थांबतो, पण इतकी वर्षं त्रास सोसलेल्या पेशी पुन्हा किती काम करतील हे प्रत्येकाचं वेगळं.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. म्हणून वीर्य तपासणी तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी सांगतात. दीड महिन्यात केलेला रिपोर्ट वाईट आला तरी त्यावरून ऑपरेशन फसलं असं ठरत नाही. फुकट झोप मात्र उडते.

आता जखमेबद्दल, कारण तुम्ही 'अजून गाठी लागतात' असंही लिहिलंय. मलाही आंघोळीच्या वेळी वृषणाच्या वर सुतळीसारखं कडक काहीतरी हाताला लागायचं आणि नसा परत फुगल्या असंच वाटायचं. डॉक्टरांनी उभं करून, जोर लावून खोकायला सांगून तपासलं. जोर लावल्यावर फुगली तर ती चालू नस. कडकच राहिली तर आतलं रक्त गोठलेली, बांधलेली नस. ती विरघळायला महिने लागतात. जांघेच्या टाक्यांजवळचा बधिरपणाही हळूहळूच जातो. मात्र ताप, टाक्यांतून पू, झपाट्याने वाढणारी सूज किंवा असह्य दुखणं असेल तर वाट न पाहता दाखवा. काही महिन्यांनी अंडकोषात पाणी भरू शकतं. मायक्रोसर्जरीत याचं प्रमाण कमी असतं, तरी एक बाजू मोठी दिसू लागली तर दाखवावं.

टेस्टोस्टेरॉनची तपासणी करायची तेव्हा नीट करा. सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी, रात्रीची झोप झालेली असताना. दुपारचा आकडा कमी येतो आणि माणूस उगाच खचतो. एका रिपोर्टवर जाऊ नका, वेगळ्या दिवशी पुन्हा करा, लॅब तीच ठेवा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी बंद करा. काही मशीनवर त्यामुळे टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसतं. ही गोष्ट लॅबमध्ये क्वचितच कोणी विचारतं.

सोबत एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन सांगा (ही मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची हार्मोन्स; एलएच वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगतं), कारण नुसत्या टेस्टोस्टेरॉनवरून काही कळत नाही. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त, म्हणजे मेंदूकडून हुकूम येतोय पण वृषण कमी पडतंय. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएचही कमी किंवा जेमतेम, तर गडबड वर पिट्युटरी ग्रंथीकडे असू शकते, आणि ती नसा बांधून सुटणारी नव्हतीच.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. जिममधल्या कोणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल सुरू करू नका. बाहेरून मिळालं की मेंदू एलएच-एफएसएच सोडणं कमी करतो आणि शुक्राणू घटतात, कधी शून्यावर जातात. मुलासाठी ऑपरेशन केलं असेल तर त्यावर पाणीच. आकडा खरंच कमी राहिला तर शुक्राणूंना धक्का न लावणारी औषधं आहेत, ती युरॉलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्ट (पुरुषांच्या प्रजननाच्या आजारांचे डॉक्टर) ठरवतील.

पावडरींच्या जाहिराती सोडून द्या. झोप आणि पोटाचा घेर या दोन गोष्टींनी मात्र खरोखर फरक पडतो. तरुण पुरुषांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घसरल्याचं दिसलं आहे. चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं, त्यामुळे वजन जास्त असेल तर ते उतरवणं हाच उपाय. व्यायाम डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, आणि जड वजनं सगळ्यात शेवटी.

थकव्याचं म्हणाल तर दीड महिन्यात तो ऑपरेशनचाही असू शकतो आणि काळजीचाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ एकदा बघून घ्या, त्यासाठी तीन महिने थांबायची गरज नाही. झोपेत जोरात घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि जुना रिपोर्ट सापडला की आकडा, एलएच आणि रक्त किती वाजता दिलं होतं ते कळवा, मग नेमकं बोलता येईल.