सोसायटीत गाण्याचा गट काढायचाय, पण कुणालाच गाता येत नाही. जमेल का?

तुमचं म्हणणं असं की, कोथरूडच्या नव्या सोसायटीत लोक लिफ्टमध्येही मान खाली घालून मोबाइल बघतात, म्हणून समूहगायनाचा गट काढायचा विचार आहे, पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "आपला काय संबंध गाण्याशी?"

जमेल. मी आवाज शिकवते, हौशी मंडळींचं समूहगायन घेते, आणि त्यातले निम्मे हेच वाक्य बोलून आलेले आहेत. फक्त दारात परीक्षा घेऊ नका. "जरा काहीतरी गाऊन दाखवा" म्हटलं की पुण्यात दोनच प्रकारची माणसं उरतात : गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा दिलेली आणि पळून गेलेली.

सूर लागत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांचा गळा ठीक असतो. दोन सूर जुळले की कसं वाटतं, हे त्यांनी कधी अनुभवलेलं नसतं, इतकंच. अशा माणसाला मी 'सा' देतच नाही. त्यालाच सांगते, बोलता त्या आवाजात 'आ' लावा आणि सोडू नका. मग पेटीवर त्याचा सूर मी शोधत जाते. जवळ आलं की दोन आवाजांत एक थरथर ऐकू येते, नेमकं जुळलं की ती थांबते, आणि समोरच्याची भुवई वर जाते. तिथून एक स्वर वर, एक खाली. काही आठवड्यांत पाच-सहा स्वरांत तो बिनघोर फिरायला लागतो. ज्यांना सूर खरोखरच ओळखता येत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी. त्यांच्या हातात टाळ द्या.

खरी डोकेदुखी पट्टीची, म्हणजे पेटीची कुठली पट्टी 'सा' धरायची याची. बायका साधारण काळी चार-पाचला गातात, पुरुष काळी एकच्या आसपास. एकाची पट्टी धरली की दुसऱ्याचा घसा ताणतो. म्हणून सुरुवातीला मधल्या 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंतच फिरणारी चाल निवडा आणि पांढरी एक किंवा दोन धरा. पुरुष आणि बायका सप्तकाच्या अंतराने गातील, कुणाला किंचाळावं लागणार नाही. भावगीतं घेण्याचा मोह होईल, तो आवरा. ती एकट्याच्या गळ्यासाठी बांधलेली असतात. दहा जणांनी एक मुरकी, म्हणजे सुरांची झटकन गिरकी, घेतली की दहा मुरक्या ऐकू येतात.

त्यापेक्षा अभंग घ्या. आपल्याकडे समूहगायन नाही असं म्हणणाऱ्याला आषाढी वारीच्या मुक्कामात पेठांमध्ये नेऊन आणावं. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. गावोगावची माणसं, पण चाल धरली की टाळकरी धृपद, म्हणजे पालुपदाची ओळ, उचलतात. माउलींच्या सोहळ्यात तर तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की एवढे टाळ-मृदंग एकदम गप्प होतात. गट हाताने कसा थांबवायचा, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. तुम्हीही तसंच करा : एक ओळ एकाने म्हणायची, तीच सगळ्यांनी. कागद वाटू नका. कागद आला की माना खाली जातात, म्हणजे पुन्हा लिफ्टच. बसवताना अर्धगोल करा आणि कच्च्या गळ्याची माणसं मागे न ढकलता दोन पक्क्या गळ्यांच्या मधे बसवा.

आता माणसं जोडण्याचं. ऑक्सफर्डच्या संशोधकांचा २०१५ चा एक अभ्यास आहे. प्रौढांचे गाण्याचे वर्ग आणि हस्तकला-लेखनाचे वर्ग यांची त्यांनी सात महिने तुलना केली. गाणाऱ्यांचं सूत सुरुवातीला भराभर जमलं, पण शेवटी जवळीक सगळीकडे सारखीच निघाली. मला हे पटतं. गाणं भीड लवकर चेपतं, पुढचं तुम्हालाच खपून करावं लागतं. सतरंजी कोण घालणार, चहा कुणाकडे, जोशीकाकू दोनदा आल्या नाहीत तर फोन कोण करणार, ही कामं वाटून टाका. शक्यतो ज्यांना गाण्यात मागे पडल्यासारखं वाटतं त्यांनाच द्या. तासाभरात संपवा, माईक आणू नका. क्लबहाउसच्या फरशीवर आवाज घुमतो आणि सगळंच छान वाटतं, त्यावर विसंबू नका. अधूनमधून मोबाइलवर रेकॉर्ड करून सगळ्यांना ऐकवा.

गणपतीत कमिटी कार्यक्रम मागेलच. पहिल्या वर्षी आरत्यांपुरतंच हो म्हणा. आरत्या सगळ्यांना पाठ असतात, फक्त जो तो आपापल्या वेगाने पळतो. टाळ दोघांकडेच ठेवा, पहिलं कडवं संथ घ्या, धृपदाआधी सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायची सवय लावा. एवढ्याला पंधरवड्याची तालीम पुरते.